पाइपातून वर येणारं केळफूल खेळाडूला उगाच चावतंय, मारिओतल्या रोपाचं गणित नेमकं कसं आहे?

रावेरचा_केळीवाला

राम राम मंडळी. गोडो ४ (गेम बनवायचं सॉफ्टवेअर) मध्ये टूडी प्लॅटफॉर्म गेम करतोय. मागे केळीची बाग, शत्रू म्हणजे दात असलेलं जांभळं केळफूल. सिमेंटच्या उभ्या पाइपातून ते वर येतं, थांबतं, परत आत जातं. टाइल (नकाशाचा चौकोनी ठोकळा) ६४ पिक्सेलची, पाइप दोन टाइल रुंद आणि दोन टाइल उंच. खेळाडूच्या हातात गोफण, त्याचा कोलिजन (धडक मोजायची चौकट) ४८ रुंद.

खेळाडू जवळ असेल तर केळफुलाने वर येऊ नये म्हणून डिस्टन्स-टू (दोन बिंदूंमधलं अंतर देणारं फंक्शन) वापरून ८० पिक्सेलची अट घातली आहे. तरी पाइपाला खेटून उभं राहिलं की ते येतं, आणि पाइपावर उभं राहिलं तर चक्क पायाखालून येतं. दुसरं म्हणजे गोफणीचा दगड कायम पाइपावरच आपटतो, फुलाला लागतच नाही. मूळ मारिओत हे कसं केलं होतं?

पिक्सेलपारखी

भो, अट बरोबर आहे, मोजमाप चुकलंय. तुमचा पाइप १२८ रुंद, म्हणजे मध्यापासून कडेपर्यंत ६४. त्यात खेळाडूची अर्धी रुंदी २४ मिळवा. अगदी खेटून उभा राहिला तरी मध्यापासून मध्यापर्यंत ८८ होतात. ८० ची अट तिथे लागू होणारच नाही.

पाइपावर उभं राहिल्यावरची गोष्ट वेगळी. डिस्टन्स-टू तिरकं अंतर मोजतं. केळफूल आत खोल बसलेलं आणि खेळाडू वर, त्यामुळे आडवं अंतर शून्य असलं तरी उभं अंतर ८० च्या पुढे जातं. मूळ गेममध्ये फक्त आडवं अंतर बघतात, खेळाडू किती उंचीवर आहे याच्याशी रोपाला काही देणंघेणं नाही.

१९८५ च्या सुपर मारिओ ब्रदर्सचे आकडे देतो. तिथला ठोकळा १६ पिक्सेलचा. आडवं अंतर ३३ पिक्सेलपेक्षा कमी असेल तर पिऱ्हाना प्लांट (पाइपातलं ते चावरं रोप) बाहेर पडत नाही. म्हणजे दोन ठोकळे आणि वर एक पिक्सेल. रोप २४ पिक्सेल वर सरकतं, तेही एकाआड एका फ्रेमला (पडद्यावरच्या एका चित्राला) एक पिक्सेल, म्हणून चढायला ४८ फ्रेम. वर पोचलं की ६४ फ्रेम थांबतं, उतरायला पुन्हा ४८, आणि आत किमान ६४. सगळं मिळून २२४ फ्रेम, सेकंदाला ६० फ्रेमच्या वेगाने पावणेचार सेकंदांना थोडं कमी.

तुमची टाइल चौपट आहे, तेव्हा ३३ चे १३२ करा आणि २४ चे ९६. वेग दर फ्रेमला २ पिक्सेल ठेवला की चढायला तेच ४८ फ्रेम लागतात.

रावेरचा_केळीवाला

फक्त एक्सचा (आडवा) फरक घेतला आणि १३२ केले. आता वेगळाच तमाशा. फूल अर्धं वर आलं असताना खेळाडू जवळ गेला की ते खाली पळतं, मागे सरकला की वर. नुसतं थरथरत राहतं.

तापीकाठचा_कोडर

म्हणजे तुम्ही अंतर दर फ्रेमला तपासताय. मूळ रोप ते एकाच वेळी बघतं: पूर्ण आत असताना, थांबण्याची वेळ संपल्यावर, निघायच्या आधी. एकदा निघालं की मग खेळाडू जवळ येवो की लांब जावो, वर जाऊन, थांबून, खाली येऊनच ते थांबणार. म्हणून तर ते खेळाडूला अन्याय वाटत नाही. बाहेर आलेलं फूल दिसत असतं, त्यात जाऊन धडकला तर चूक त्याची.

चार अवस्था करा: आत, चढतं, वर, उतरतं. अंतराची अट फक्त 'आत' मध्ये. वेळ संपली पण खेळाडू जवळ आहे, तर मोजणी शून्यावरच अडवून ठेवायची, वेळ नव्याने सुरू करायची नाही. तो १३२ च्या बाहेर पडला की लगेच निघायचं. ही एक फ्रेमचीही ढील न देण्याची गंमत पुष्कळ जण विसरतात, मग शत्रू झोपाळू वाटतो.

वेळ मोजायला क्रिएट-टायमर (गोडोचा तयार टायमर) लावून अवेट करू नका, म्हणजे तो संपायची वाट बघत बसू नका. तो डीफॉल्टने गेम पॉज असतानाही चालू राहतो. खेळाडू पॉज काढतो आणि त्याच क्षणी फूल निघतं. त्यापेक्षा फिजिक्स-प्रोसेसमध्ये (ठरावीक वेगाने पुन्हा पुन्हा चालणारं फंक्शन) साधा आकडा ६४ वरून एकेक कमी करा. फिजिक्स डीफॉल्टने सेकंदाला ६० वेळाच चालतं, आकडे जसेच्या तसे बसतील.

फुलाचा झेड-इंडेक्स (कोणतं चित्र पुढे, कोणतं मागे याचा आकडा) पाइपापेक्षा कमी ठेवा, नाहीतर ते पाइपाच्या आतून न येता पुढून सरकताना दिसेल. चावण्याचा एरिया चित्रापेक्षा दोन्ही बाजूंनी आठ-दहा पिक्सेल आत घ्या. 'आत' असताना त्याचा कोलिजन शेप बंद करा, पण सिग्नलच्या (धडक झाल्याची सूचना) फंक्शनमधून करत असाल तर सेट-डिफर्ड (बदल जरा नंतर लागू करणारं फंक्शन) वापरूनच, नाहीतर गोडोच्या कन्सोलमध्ये चुकांच्या लाल ओळी येतील.

गोफणगुंडा

दगडाचं बोलू. मारिओचा आगीचा गोळाही पाइपाच्या बाजूला आपटला की फुटतो. तिथे उडी मारून, पाइपाच्या तोंडाच्या उंचीवरून फेकावा लागतो. लागला तर २०० गुण. पण गोफणीचा दगड सरळ जातच नाही, मग तुम्ही सरळ का फेकताय?

छातीची उंची ७० धरा. वरचा वेग ४६०, आडवा ५००, गुरुत्व गोडोचं डीफॉल्ट ९८०. दगड १०८ पिक्सेल चढतो, म्हणजे जमिनीपासून १७८. फूल पूर्ण बाहेर असताना १२८ ते २२४ मध्ये असतं, बरोबर मधोमध बसेल. त्यासाठी खेळाडू फुलापासून साधारण २३५ पिक्सेल लांब हवा, पावणेचार टाइलला जरा कमी. पाइपाच्या कडेवरून जाताना दगड १७० वर असतो, त्यामुळे अडकत नाही. अंतर १३२ पेक्षा जास्त असल्यामुळे फूलही बाहेर यायला तयार असतं. दोन्ही आकडे एकमेकांना धरून आहेत, एक बदलला तर दुसरा तपासा.

आणि एक राहवत नाही म्हणून: रावेरचे असून केळफूल वर तोंड करून दाखवलंत? ते घडाच्या टोकाला खाली लोंबतं! वरून येणारा उलटा पाइप करा. मारिओच्या पुढच्या भागांमध्ये उलटी रोपं आहेतच.

तापीकाठचा_कोडर

उलटं करायचं तर फक्त वेगाचं चिन्ह बदला. गोडोत वर म्हणजे उणे, तेव्हा लोंबणाऱ्या फुलाला बाहेर येताना अधिक २. अंतराची अट तीच राहते, पण खालून पळत जाणाऱ्याला १३२ मुळे ते फारसं भेटणार नाही, कारण तो जवळ आला की आत असलेलं फूल आतच थांबणार. तिथे अट ६० वर आणा किंवा काढूनच टाका. १९८६ च्या जपानी दुसऱ्या भागात लाल रोप असंच आहे, पाइपाच्या शेजारी उभं राहिलं तरी वर येतं. तुम्हीही रंग बदला, म्हणजे खेळाडूला कळेल की हे फूल भिडस्त नाही.

रावेरचा_केळीवाला

चार अवस्था बसल्या, थरथर गेली. पहिल्या पातळीत एकही फूल ठेवू नये का?

पिक्सेलपारखी

मूळ गेमच्या १-१ (पहिल्या जगाची पहिली पातळी) मध्ये पाइप आहेत, पण रोप नाही. कोडमध्येच तशी अट आहे. १-२ पासून सुरू होतात. ज्या पाइपातून खेळाडू आत शिरणार आहे तिथे फूल ठेवलंत तरी चालेल, वर उभं राहिलं की १३२ ची अट त्याला आतच ठेवते.