प्रोग्रेसिव्ह रॉकच्या गीतांत रूपक, सांगरूपक की अन्योक्ती?

(गोव्यातले तिघे आपापल्या गावाच्या नावानं बोलताहेत.)

फोंडा : 'मेटाफर'साठी आपण सरसकट 'रूपक' लिहून मोकळे होतो. पण प्रोग्रेसिव्ह रॉक, म्हणजे लांब आणि गुंतागुंतीच्या रचनांचं रॉक संगीत, वाजवणाऱ्या बँडांचे अल्बम घ्या: पिंक फ्लॉइडचा 'द वॉल' (१९७९), त्यांचाच 'अ‍ॅनिमल्स' (१९७७) आणि येसचा 'क्लोज टू द एज' (१९७२) या तिन्हींतली गीतं एकाच शब्दात बसतात का? आणि ही गीतं मराठीत आणताना 'वॉल'मधल्या 'ब्रिक'ला गोव्यात 'चिरा' म्हटलं तर? आपल्याकडची जुनी घरं चिऱ्यांचीच.

म्हापसा : नाही बसत. आधी गीतात उपमेय शोधा, म्हणजे बोलणं कशाविषयी चाललंय ते. मग उपमान, म्हणजे ज्याच्याशी ते जोडलंय ते. दोन्ही हजर आणि एकरूप असतील तर रूपक. संतकवी सोहिरोबानाथांचा 'ज्ञानदिवा' हे त्याचं चोख उदाहरण, तिथं ज्ञान हाच दिवा. उपमानाचे अवयवही उपमेयाच्या अवयवांशी जुळवत नेले की सांगरूपक, आणि 'द वॉल' हे अस्सल सांगरूपक आहे. भिंत म्हणजे पिंक या नायकाचं जगापासून तुटणं, एकेक वीट म्हणजे एकेक घाव. 'अनदर ब्रिक'चे तीन भाग ओळीनं वाचा. पहिल्यात वीट म्हणजे युद्धात गेलेल्या बापाची उणीव, दुसऱ्यात मास्तर, तिसऱ्यात सगळेच. चूक होते ती दुसऱ्या भागात. शाळा मुलांच्याच विटा बनवते, असा अर्थ लावला जातो. पण 'ऑल इन ऑल यू आर जस्ट अनदर ब्रिक इन द वॉल' या ओळीतला 'तू' ('यू') हा मास्तर आहे, मुलं नव्हेत. उपमेय चुकलं की पुढचा सगळा अर्थ वाकडा जातो. अल्बमच्या शेवटी नायकावर चालणाऱ्या खटल्यात शिक्षा होते ती भिंत पाडण्याची, ती का, हेही मग उमगत नाही.

पेडणे : 'अ‍ॅनिमल्स'मध्ये कुत्री, डुकरं, मेंढरं यांच्या नावाखाली माणसांना सुनावलंय, म्हणजे वळण अन्योक्तीचं. निखळ अन्योक्ती मात्र नव्हे, कारण 'पिग्ज' या गाण्यात व्हाइटहाउस हे (ब्रिटनमधल्या मेरी व्हाइटहाउस यांचं) खरंखुरं आडनाव घेऊन हाक मारली आहे. येसचा जॉन अँडरसन शब्द निवडतो ते नादावर. तिथं उपमेय हुडकत बसलं की ओळ मरते. त्या गीतांना 'प्रतिमा' हाच शब्द लावावा.

'चिरा' नको. चिरा खाणीतून कापलेला, मोठा, वजनदार. 'चिरेबंदी' म्हणताच घरंदाजपणा आणि आसरा डोळ्यांपुढे येतो. बोरकरांच्या 'नाही चिरा, नाही पणती'त तर तो स्मृतीचा दगड आहे. गाण्याला हवी ती लहान, एकसारखी, हातात मावणारी वस्तू, जिची रचता रचता भिंत होते आणि कळतही नाही.

फोंडा : पटलं. पण वीट म्हटलं की विठोबा उभा राहतो, आणि वीट येणंही आठवतं.

म्हापसा : 'विटेवर' हे रूप टाळा, पंढरपूर त्यानंच येतं. दुसऱ्या अडचणीला लिंग उपयोगी पडतं: कंटाळ्याचा वीट पुल्लिंगी, मातीची वीट स्त्रीलिंगी. नुसतं 'तूही एक वीट' लिहिलंत तर दोन्ही अर्थ निघतात. 'भिंतीत आणखी एक वीट चढली' स्पष्ट आहे, पण त्यात 'तू'च गळतो, आणि सगळं भांडण तर त्याच्याशी आहे. मी 'तूही भिंतीतली आणखी एक वीटच' असं करीन. 'भिंतीतली'मुळे लिंग कळतं, 'तू' जागेवर राहतो आणि शेवटच्या 'च'मध्ये मूळच्या 'जस्ट'मधली तुच्छता उतरते.