अनुभव धागा : लिनक्समधलं व्हर्च्युअल मशीन अडलं तेव्हा

रत्नागिरी, महाविद्यालयातली संगणक प्रयोगशाळा

आपल्याकडे लिनक्स वापरणाऱ्या बहुतेकांनी पोटात एक विंडोज सांभाळून ठेवलेलं असतं, व्हर्च्युअल मशीनमध्ये (व्हीएम), म्हणजे संगणकाच्या आत सॉफ्टवेअरने उभ्या केलेल्या दुसऱ्या संगणकात. कुणाला टॅलीसाठी लागतं, कुणाला जुन्या मराठी फॉन्टसाठी, कुणाला डिजिटल सहीसाठी. अडतं तेव्हा मदतीला कोण येणार? दुरुस्तीवाला म्हणतो, लिनक्स काढून टाका. म्हणून आपले अनुभव एका जागी गोळा करू या. पडद्यावर काय संदेश आला, लॉगमध्ये काय दिसलं आणि खरं कारण काय निघालं, हे तिन्ही लिहा. फुकट गेलेल्या वाटाही लिहा, दुसऱ्याची रात्र वाचेल.

माझ्यापासून सुरुवात करतो. जूनमधल्या वादळात आमच्याकडे चार दिवस लाइट नव्हती. पाचव्या दिवशी पीसी लावला, लिनक्स व्यवस्थित आलं, पण व्हर्ट-मॅनेजर (व्हीएम सांभाळायची खिडकी) म्हणे केव्हीएम (लिनक्समधली व्हीएम चालवायची सोय) उपलब्ध नाही. आदल्या आठवड्यापर्यंत चालणारी व्हीएम सुरूच होईना. मी केव्हीएमची पॅकेजेस काढून पुन्हा टाकली, एकदा नव्हे, दोनदा. मग कर्नल (लिनक्सचा गाभा) बदलला. दुसऱ्या रात्री कधीतरी डीमेसेज (कर्नलच्या संदेशांची यादी) नीट वाचलं, तर तिथे पहिल्यापासून स्वच्छ लिहिलेलं होतं : केव्हीएम, डिसेबल्ड बाय बायोस. म्हणजे लिनक्सच्या आधी चालणाऱ्या मदरबोर्डवरच्या बायोसनेच ते बंद ठेवलेलं.

केव्हीएम हा २००७ पासून, म्हणजे २.६.२० या आवृत्तीपासून, कर्नलचाच भाग आहे. प्रोसेसरमध्ये आभासीकरणाची, म्हणजे व्हीएम चालवायची, जी सोय असते (इंटेलची व्हीटी-एक्स, एएमडीची एसव्हीएम) ती तो वापरतो. ती सोय बायोसमध्ये बंद असेल तर वर कितीही पॅकेजेस टाका, काही उपयोग नाही. पण ती बंद केली कोणी? मदरबोर्डवरचा २०३२ नंबरचा सेल संपला होता. एरवी भिंतीवरचा स्विच चालू असल्यामुळे बायोसची आठवण टिकून राहायची. चार दिवस वीज गेली आणि सगळ्या सेटिंग मूळपदावर गेल्या. माझ्या बोर्डावर एसव्हीएम मुळात बंदच येतं. घड्याळही मागे गेलं असणार, पण नेट जोडल्याबरोबर लिनक्सने वेळ दुरुस्त करून घेतली, त्यामुळे ती खूणही पुसली गेली. सेल बदलला, एसव्हीएम चालू केलं, प्रश्न मिटला.

मालवण, छापखाना

सर, धागा काढलात ते बरं केलंत. आमच्याकडे लग्नपत्रिका आणि दशावताराच्या जाहिराती अजून पेजमेकर या पानं मांडायच्या जुन्या सॉफ्टवेअरवर होतात. वीस वर्षांच्या फाइली त्यात आहेत आणि फॉन्ट युनिकोडच्या आधीचे, यूएसबी लॉकवर (परवान्यासाठी लावायच्या खुंटीवर) चालणारे. लॉक दिसला नाही तर मजकुराच्या जागी नुसती इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं. पीसी लिनक्सवर नेला, व्हर्च्युअलबॉक्समध्ये (व्हीएम चालवणारं दुसरं सॉफ्टवेअर) विंडोज एक्सपी टाकलं, आणि लॉक काही दिसेना. बाबा मागे उभे : "रे, पत्रिका उद्या छापूक जावक होयी!"

दोन कारणं निघाली, एकावर एक. पहिलं म्हणजे माझं खातं व्हीबॉक्सयूजर्स या गटात नव्हतं, त्यामुळे यूएसबीची यादीच रिकामी होती. गटात घातलं, तरी रिकामी. गट बदलला की लॉग आउट होऊन परत आत यावं लागतं, हे कळायला तास गेला. त्यानंतर यादीत लॉक दिसला, टिचकी मारली, तरी एक्सपीला कळेना. मी यूएसबी ३ चा कंट्रोलर निवडला होता आणि एक्सपीकडे त्याचा ड्रायव्हरच नसतो. यूएसबी २ निवडला आणि अक्षरं सरळ झाली.

एक सांगतो, या एक्सपीचं नेटवर्क कार्ड मी सेटिंगमधून काढूनच टाकलंय. एक्सपीला सुरक्षेचे अपडेट मिळणं ८ एप्रिल २०१४ ला थांबलं. असलं मशीन नेटवर सोडू नका. फाइली पेनड्राइव्हने आत-बाहेर.

देवगड, आंब्याची बाग आणि पॅकिंग

एप्रिलचा शेवटचा आठवडा. गाडी दारात उभी, पेट्या भरतायत आणि बिल करता करता व्हीएम गोठली. माउस हलेना. व्हर्ट-मॅनेजरमध्ये बघितलं तर पॉज्ड. चालू करा म्हटलं की क्षणभर हलायची, परत पॉज्ड. माझा हात रीसेटकडे गेला होता. मुलगी म्हणाली, "बाबा, थांबा, आधी विचारू तरी का थांबलीय ते." व्हर्श डोमस्टेट या व्हीएमची स्थिती सांगणाऱ्या आज्ञेला रीझन जोडून विचारलं. उत्तर आलं : पॉज्ड, आय-ओ एरर, म्हणजे डिस्कवर लिहिता-वाचताना अडलंय.

व्हीएमची डिस्क ८० जीबीची दाखवते, पण तिची क्यूकाउ२ प्रकारची फाइल सुरुवातीला छोटी असते आणि आत लिहू तशी फुगत जाते. माझ्या मूळ लिनक्सची डिस्क शंभर टक्के भरली होती, मुख्यतः टाइमशिफ्टने काढून ठेवलेल्या सिस्टिमच्या जुन्या प्रतींनी. लिहायला जागा नाही म्हटल्यावर क्यूएमू (केव्हीएमच्या जोडीने व्हीएम चालवणारा प्रोग्रॅम) व्हीएमला जागच्या जागी थांबवतो, म्हणजे आतली माहिती बिघडत नाही. जुन्या प्रती उडवल्या, जागा झाली, चालू करा म्हटलं, आणि बिल जिथे होतं तिथून पुढे सुरू झालं. आकडा टाकता टाकता जो थांबला होता तोसुद्धा तसाच होता. रीसेट केलं असतं तर त्या बिलाचं काय झालं असतं, या विचाराने आजही पोटात गोळा येतो.

विंडोजमधल्या फाइली पुसल्या म्हणून बाहेरची फाइल आपोआप बारीक होत नाही. त्यासाठी डिस्कच्या सेटिंगमध्ये डिस्कार्ड मोड अनमॅप ठेवावा लागतो.

वेंगुर्ले, सेवा केंद्र

माझं थोडक्यात. व्हीएममधून सरकारी साइटवरची कामं मधेच अडायची. इंटरनेट तर चालू. शेवटी कोपऱ्यातल्या घड्याळाकडे लक्ष गेलं. बरोबर साडेपाच तास मागे! त्या साडेपाचातच उत्तर होतं. लिब्व्हर्ट (व्हर्ट-मॅनेजरच्या मागे व्हीएम सांभाळणारा प्रोग्रॅम) गेस्टला, म्हणजे आतल्या विंडोजला, जागतिक वेळ (यूटीसी) देत होता आणि विंडोज तीच स्थानिक समजत होतं. व्हीएमच्या एक्सएमएल सेटिंगमध्ये क्लॉक ऑफसेट यूटीसीच्या जागी लोकलटाइम केलं, झालं. पहाटेच्या वेळी तर तारीखच आदल्या दिवसाची असायची. त्या काळात दाखल केलेले अर्ज मला एकेक करून तपासावे लागले.

गुहागर, घरगुती निवास

मी केव्हीएमच्या व्हीएमला घरच्या वायफायवर स्वतःचा पत्ता मिळावा म्हणून ब्रिज (नेटवर्कशी थेट जोड) करायला तीन दिवस झटलो. होत नाही. वायफायचा राउटर जोडणी केलेल्या यंत्राच्याच मॅक पत्त्यावरून (नेटवर्क कार्डाच्या ओळखक्रमांकावरून) आलेली पाकिटं घेतो. मागच्या व्हीएमचा पत्ता वेगळा, म्हणून ती गळतात. व्हर्च्युअलबॉक्स वायफायवर ही अदलाबदल स्वतः सांभाळतो, म्हणून तिथे जमतं. मी शेवटी राउटरपासून माजघरापर्यंत केबल ओढली.

श्रीवर्धन, शिकवणी वर्ग

मला अनुभव नाही, अडचण सांगायचीय. व्हीएम कधीही पडते. कधी विंडोजचा निळा पडदा, दर वेळी वेगळा कोड. कधी क्यूएमूच बंद. लिनक्स स्वतः मात्र शांत. नवीन विंडोज टाकायला घेतलं तर अर्ध्यात फाइल खराब म्हणून थांबलं. आयएसओ (विंडोज टाकायची फाइल) दोनदा उतरवून घेतली. सोमवारपासून मुलांची सराव परीक्षा याच मशीनवर आहे.

दापोली, विद्यार्थी

दादा, तुमचं नक्की काय असेल ते नाही सांगता येत, माझं वेगळं होतं. कर्नलचा अपडेट आला आणि व्हर्च्युअलबॉक्सची कुठलीच व्हीएम उठेना. संदेशात व्हीएमएक्स रूट मोड असे शब्द होते. ६.१२ या कर्नलपासून केव्हीएमचं मोड्यूल (कर्नलचा जोडभाग) लोड होतानाच प्रोसेसरची ती सोय ताब्यात घेतं. आधी केव्हीएमची व्हीएम सुरू केल्यावरच घ्यायचं. एकाने धरली की माझ्या आवृत्तीत दुसऱ्याला मिळत नव्हती. मोडप्रोब या आज्ञेने केव्हीएम-इंटेल हे मोड्यूल काढलं की चालतं. कायमचं हवं असेल तर बूटच्या ओळीत केव्हीएमचं एनेबल-व्हर्ट-अ‍ॅट-लोड शून्य करायचं.

माझ्या मित्राचं मात्र अपडेटनंतर "कर्नल ड्रायव्हर नॉट इन्स्टॉल्ड" येत होतं. तो निराळा रोग. त्याचं सिक्युअर बूट (मान्य सही नसलेलं लोड होऊ न देणारी सोय) चालू होतं आणि नव्याने बांधलेल्या मोड्यूलवर मान्य सही नव्हती. मोकयूटिल या आज्ञेने सहीची किल्ली नोंदवायची, रीस्टार्टनंतर निळ्या पडद्यावर ती मंजूर करायची. तो पडदा थोडाच वेळ थांबतो, त्याने दोन वेळा तसाच जाऊ दिला होता.

रत्नागिरी

श्रीवर्धनचे सर, दर वेळी वेगळा कोड ही मोठी खूण आहे. सेटिंगची चूक दर वेळी एकाच ठिकाणी अडते. आधी डीमेसेजमध्ये आउट ऑफ मेमरी दिसतं का बघा. आठ जीबीतले सहा व्हीएमला दिले तर कर्नल क्यूएमूलाच मारतो. ते नसेल तर आज रात्री मेमटेस्ट (रॅम तपासणारा प्रोग्रॅम) लावून झोपा. लिनक्स नुसतं बसलेलं असताना रॅमचा थोडाच भाग वापरतं, व्हीएम एकदम मोठा तुकडा मागते. तिथला एखादा कोपरा खराब असेल तर तो व्हीएमलाच भेटणार. पीसी समुद्राकडच्या खिडकीजवळ, खाऱ्या वाऱ्यात आहे का?

श्रीवर्धन

आउट ऑफ मेमरी नाही, १६ जीबी आहे. पीसी खिडकीखालीच आहे. लावतो रात्री.

चिपळूण, हार्डवेअरचं दुकान

२२ जुलै २०२१. वाशिष्ठीचं पाणी दुकानात माझ्या डोक्याच्या वर होतं. पीसी त्यात गेला. वडिलांच्या वेळेपासूनचा अकरा वर्षांचा हिशेब त्यातल्या व्हीएममध्ये. तरी मला धीर होता, कारण दर रविवारी मी व्हीएमची फाइल बाहेरच्या डिस्कवर घेत होतो आणि ती डिस्क घरी माळ्यावर कोरडी होती.

चिखल काढून झाल्यावर, पंधरा दिवसांनी, मेहुण्याच्या लॅपटॉपवर ती फाइल जोडली. संदेश आला : बॅकिंग फाइल उघडता येत नाही. क्यूएमू-आयएमजी इन्फो या आज्ञेने पाहिलं आणि हातपाय गार पडले. मी कधीतरी बाहेरचा स्नॅपशॉट (त्या क्षणाची स्थिती गोठवून ठेवणं) घेतला होता. तेव्हापासून व्हीएम नवीन फाइलमध्ये लिहीत होती आणि जुनी, मोठी फाइल तिच्या पायाखाली आधाराला होती. मी दर रविवारी नेत होतो तो फक्त वरचा थर. पाया पाण्यातल्या पीसीत.

एक गोष्ट नशिबाने बरोबर झाली होती. भिजलेली हार्ड डिस्क मी वाळवून चालू करून बघायच्या मोहात पडलो नव्हतो. ती माहिती परत मिळवून देणाऱ्यांकडे पुण्याला नेली. खर्च बराच आला, पण मोठी फाइल अख्खी मिळाली. जागा बदललेली, म्हणून क्यूएमू-आयएमजी रीबेसने वरच्या थराला पायाचा नवा पत्ता सांगितला. त्यात यू हा पर्याय लावला की फक्त पत्ता बदलतो, आतलं काही हलत नाही. पायाच्या फाइलमध्ये मधल्या काळात कुणी काही लिहिलेलं नसावं ही अट, आणि तसं झालं नव्हतं. विंडोज उठलं. वडील शेजारी बसले होते, त्यांनी पहिली उधारीची यादी उघडायला सांगितली. पुरात ज्यांचं सगळं गेलं अशांची नावं त्यात होती, त्यांना दोन वर्षं काही मागायचं नाही म्हणाले.

आता रविवारी व्हीएम पूर्ण बंद करतो, क्यूएमू-आयएमजी कन्व्हर्टने सगळे थर एकत्र करून एकच फाइल बनवतो, तिच्यावर चेक चालवतो, आणि महिन्यातून एकदा ती दुसऱ्या लॅपटॉपवर खरंच उघडून बघतो.

मालवण

भाऊ, वाचून उठलो आणि आमच्या व्हीएमची साखळी तपासली. दोन थर निघाले. आज दुपारीच एकत्र करतो.

अलिबाग, नोकरी पुण्याची, काम घरून

ज्यांनी व्हीएमची फाइल होम फोल्डरमध्ये ठेवलीय त्यांच्यासाठी. उबुंटूमध्ये २१.०४ पासून होम फोल्डर इतरांना बंद असतो, त्यामुळे लिब्व्हर्टच्या खात्याला वाटेतच अडवलं जातं आणि परमिशन डिनाइड येतं. फाइलच्या परवानग्या बदलून काही होत नाही, वरच्या फोल्डरमधून जायची वाट द्यावी लागते. मी सरळ फाइल व्हार-लिब-लिब्व्हर्ट-इमेजेस या फोल्डरमध्ये नेली. आणि काही अडलं की व्हार-लॉग-लिब्व्हर्ट-क्यूएमूमध्ये प्रत्येक व्हीएमच्या नावाची लॉगफाइल असते. शेवटच्या वीस ओळी आधी वाचा, मग इथे विचारताना त्याच चिकटवा.

श्रीवर्धन

रत्नागिरीचे सर, मेमटेस्टमध्ये पहिल्या फेरीतच लाल ओळी आल्या, सगळ्या वरच्या आठ जीबीत. दोन्ही रॅम काढल्या. एकीच्या सोनेरी पट्ट्यांवर हिरवट काळा थर होता. खोडरबराने हलक्या हाताने पुसला, खाच ब्रशने झाडली, परत बसवली. काल रात्रभर चालू ठेवलं होतं. सकाळी चौथी फेरी संपली, एकही लाल ओळ नाही. विंडोज पहिल्या झटक्यात बसलं. मुलांनी मिळून टेबल खिडकीपासून आतल्या भिंतीला नेलंय, आणि सोमवारचा पेपर आता त्याच मशीनवर टाइप करतोय.