दीड वर्षाच्या बाळाला डिस्नीला नेण्यात हौस कुणाची?

निरगुडी (मूळ धागा)

आमच्या न्यू जर्सीच्या मित्रमंडळीत सध्या एकच टूम आहे: पोर तीन वर्षांचं व्हायच्या आत ऑरलँडो उरकून घ्या. का, तर तिसऱ्या वाढदिवसापर्यंत डिस्नीत तिकीट लागत नाही आणि दोन वर्षांपर्यंत विमानात मांडीवर बसवून नेता येतं. हिशोब चोख आहे, पण तो फक्त पोराचा. मोठ्यांचं एका दिवसाचं तिकीट माणशी शंभर डॉलरच्या वर जातं. एवढे पैसे मोजून दिवसाचा निम्मा वेळ पोर झोपायची वाट बघायची आणि उरलेला निम्मा ते उठू नये म्हणून दबकत चालायचं.

शाळांच्या सुट्ट्या म्हणून लोक जून ते ऑगस्टमध्ये जातात. तेव्हा तिथे ३३ अंशांच्या आसपास तापमान, वर मुंबईसारखा दमटपणा. दुपारी गडगडाट सुरू झाला की उघड्यावरच्या राइड्स बंद. आतषबाजी रात्री, म्हणजे घरी पोर झोपून तास-दोन तास झालेले असतात तेव्हा. आणि तो भलामोठा उंदीर! अनोळखी मावशीने उचललं तरी भोकाड पसरायचं वय, त्याला मिकीच्या कुशीत ढकलून फोटो काढायचे.

यातलं त्याला काही आठवणारही नाही. बहुतेकांची पहिली आठवण तीन-चार वर्षांच्या वयातली असते.

पण माझा खरा आक्षेप वेगळाच आहे. भारतातून आई-बाबा आलेले असतात, त्यांनाही 'डिस्नी दाखवतो' म्हणून नेतात आणि दिवसभर बाळासकट बाकावर बसवून ठेवतात. नातवाचं तिकीट वाचवलं आणि सांभाळणाऱ्याचं काढलं, असं झालं हे.

बटाटेभात

आठवणार नाही म्हणून करायचं नाही, तर मग बारसं आणि उष्टावण तरी कशाला करता? ती मुलाला आठवतात का?

आम्ही लेक चौदा महिन्यांची असताना मॅजिक किंगडमला, म्हणजे तिथल्या डिस्नीच्या चार पार्कांपैकी एकात, गेलो होतो. 'इट्स अ स्मॉल वर्ल्ड', पीटर पॅन, डंबोचा उडता हत्ती, विनी द पू, यातल्या कुठल्याच राइडला उंचीची अट नाही. स्मॉल वर्ल्डच्या होडीत शेकडो बाहुल्या नाचत होत्या, पण बाईसाहेबांनी एकीकडेही पाहिलं नाही. पाण्यात हलणाऱ्या दिव्यांकडे बोट दाखवून "ऊऊ, ऊऊ" चाललं होतं. मागच्या बाकावरचे आजोबाही शेवटी बाहुल्या सोडून पाणी बघायला लागले.

सोयींबद्दल तुम्ही अवाक्षर काढलेलं नाही. चारही पार्कांत बेबी केअर सेंटर आहे: दूध पाजायला वेगळी खोली, डायपर बदलायला जागा, उंच खुर्च्या, एसी. बाहेरचं खाणं आत नेता येतं, फक्त काचेच्या बरण्या नकोत, आणि त्यातही बाळाच्या खाण्याच्या लहान बरण्या चालतात. आम्ही मऊ भाताचा डबा नेला होता. आणि रायडर स्विच असताना आजी-आजोबांना बाकावर बसवायची गरजच काय? एकाने बाळाला घेऊन थांबायचं, दुसऱ्याने राइड घ्यायची, मग अदलाबदल. दुसऱ्याला ती लांब रांग पुन्हा लावावी लागत नाही.

निरगुडी

@बटाटेभात, बारशाला पोराला पाऊण तास उन्हात रांगेत उभं करत नाहीत हो. आणि दिव्यांचं म्हणाल, तर पाण्यात हलणारा दिवा घरच्या बादलीतही दिसतो. मी तेच म्हणतेय.

घाटवाट

डिस्नी जाऊ द्या, इथलं सांगतो. खोपोलीच्या इमॅजिकाला तिकीट वयापेक्षा उंचीवर ठरतं, त्यामुळे 'अजून लहान आहे हो तो' चालत नाही. नायट्रोसारख्या मोठ्या राइड्सना छोटी पोरं बादच. त्यांच्या वाट्याला टबी हत्तीची राइड आणि कॅरोसेल. तेवढ्यावर आमचं पोर खूश होतं. पण मे महिन्यात जाऊ नका. डांबर तापतं, आणि बाबागाडीतलं पोर आपल्यापेक्षा त्या डांबराच्या जवळ असतं, हे कुणाच्या लक्षातच येत नाही. डिसेंबर-जानेवारी, मधला वार, सकाळी गेट उघडताना जायचं.

मोरपीस_५८

त्या बाकावरची आजी मीच, म्हणून लिहिते. @निरगुडी, आमची एवढी दया नको. मला त्या चक्रात बसायचंच नव्हतं. नातू मांडीवर झोपलेला, समोरून परेड गेली, सगळं बसल्या जागी दिसलं. गुडघे दुखायला लागल्यावर मुलाने बॅटरीवर चालणारी गाडी भाड्याने घेऊन दिली. आधी लाज वाटली, मग त्यावरून उतरेचना मी!

फक्त एक गोष्ट खटकली. "आई, तुम्ही बसा हं इथे," असं सांगून सगळे निघून गेले. "बसाल का?" असं विचारलं असतं तरी मी बसलेच असते. आणि यांना, म्हणजे नातवाच्या आजोबांना, ती डोंगरातली आगगाडी करायची होती. त्यांना कुणी विचारलंच नाही.

दोन_पोरांचा_बाप

तीन वर्षं थांबा म्हणणाऱ्यांना एकच सांगणं: थोरला तीनचा होतो तेव्हा धाकटी सहा महिन्यांची असते.

रायडर स्विचमध्ये मोठ्या भावंडाला दोनदा बसता येतं, आधी आईबरोबर, मग बाबांबरोबर. आमच्याकडे त्यामुळेच घरात शांतता होती.

ठाणेकर_जर्सीत

जावं की न जावं यापेक्षा कसं जावं, यावर भांडा. सकाळी उघडताना आत, साडेबारापर्यंत बाहेर, हॉटेलवर सगळ्यांनी झोपायचं, वाटलं तर पाचला परत. त्याच दिवशी त्याच तिकिटावर पुन्हा आत जाता येतं. 'पैसे वसूल' म्हणून सकाळी आठ ते रात्री दहा ओढणाऱ्यांची पोरं रडतात आणि मग बदनामी पार्कची होते.

स्ट्रोलरला एखादी लाल ओढणी बांधा. राइडवरून येईपर्यंत तिथली माणसं गाड्या सरळ रांगेत लावताना तुमची दुसरीकडे सरकवतात आणि तिथे शे-दीडशे सारख्याच दिसतात. पावसाचं प्लास्टिकचं आवरण घालूनच राइडला जा.

या वयाला माझं मत डिस्नीच्याच अ‍ॅनिमल किंगडम पार्कला. सफारीला उंचीची अट नाही, आणि सकाळी प्राणी हिंडताना दिसतात.

निरगुडी

प्राणीच बघायचे तर गावातलं झू काय वाईट आहे? विमान नको, हॉटेल नको, कंटाळा आला की वीस मिनिटांत घर.

@मोरपीस_५८, आजोबांना आगगाडीचं कुणी विचारलं नाही, यावरच माझा धागा आहे. आणि @बटाटेभात, तुमचं ते रायडर स्विच नवरा-बायको दोघांनाही राइड देतं हे मान्य, पण एकत्र देत नाही. दोघं एकेकटे बसून येतात.

बटाटेभात

लग्नाला नऊ वर्षं झालीत. तीन मिनिटं एकटं बसायला मिळतंय, याची तक्रार आमच्याकडे अजून कुणी केलेली नाही.

मोरपीस_५८

यांनी आत्ताच धागा वाचला. पुढच्या वर्षीच्या ट्रिपला आधी आगगाडी, मग बाकी सगळं, असं मुलाला कळवायला सांगतायत.