बेरोजगारी भत्त्याचा क्लेम दोन महिने 'पेंडिंग', आता काय करायचं?

मधुरा_ईस्टकोस्ट

नमस्कार मंडळी. अमेरिकेत नोकरी गेल्यावर स्टेटकडून बेरोजगारी भत्ता ज्यांनी घेतलाय, त्यांच्यासाठी हा प्रश्न. 'दुसरी नोकरी शोध' हा सल्ला घरात भरपूर मिळतोय, तेवढा सोडून काहीही सांगा.

मी मेडिकल बिलिंगमध्ये होते. जानेवारीच्या मध्यावर आमचं अख्खं डिपार्टमेंट बंद झालं आणि चार आठवड्यांचा सेव्हरन्स (नोकरी जाताना कंपनी देते ती रक्कम) हातात पडला. त्याच आठवड्यात ऑनलाइन क्लेम टाकला. थोड्या दिवसांत पत्र आलं, त्यात माझ्या तिमाहीवार पगाराचे आकडे आणि दर आठवड्याला किती मिळेल ती रक्कम. म्हटलं, झालं काम. आता मार्च संपत आला. दर रविवारी सर्टिफाय करते, म्हणजे त्या आठवड्याची प्रश्नावली ऑनलाइन भरते, आणि पोर्टलवर प्रत्येक आठवड्यासमोर 'पेंडिंग' एवढंच दिसतं. फोन लागला तर एक बाई म्हणते कंपनीचं उत्तर आलेलं नाही, पुढच्या वेळचा माणूस म्हणतो उत्तर केव्हाच आलंय, फाइल रिव्ह्यूमध्ये आहे, वाट बघा. कसली वाट बघायची ते कुणी सांगत नाही. राज्याचं नाव लिहीत नाही, क्लेम अजून चालू आहे.

नवऱ्याचं म्हणणं, पैसे येत नाहीत तर दर रविवारी ती प्रश्नावली कशाला भरतेस. थांबवू का? सेव्हरन्समुळे अडकलं असेल का? एप्रिलमध्ये आईच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी पुण्याला जायचं आहे, त्याचं काय? आणि सासूबाईंना वाटतं की 'सरकारकडून पैसे घेतले' तर पुढे सिटिझनशिपला नडेल. मी ग्रीन कार्डवर आहे.

पेरोलवाली_काकू

मधुरा, सर्टिफाय करणं अजिबात थांबवू नकोस. नवऱ्याला हा धागा वाचायला दे. अडकलेली गोष्ट सुटते तेव्हा मागचे पैसे मिळतात, पण ज्या आठवड्यांचं सर्टिफिकेशन केलंय त्यांचेच. सोडलेला आठवडा नंतर मागून घेणं म्हणजे वेगळी कटकट, आणि बऱ्याचदा तो जातोच.

आता बाकीचं. मी बरीच वर्षं कंपन्यांच्या एचआरमध्ये बसून स्टेटकडून येणारे हेच फॉर्म भरत होते, त्यामुळे थोडं ठासून लिहिते.

तुला आलेलं पत्र म्हणजे मॉनेटरी डिटर्मिनेशन. तुझ्या पगाराच्या हिशोबाने तुला किती मिळू शकतं, एवढंच ते सांगतं. हा हिशोब साधारणपणे शेवटच्या पाच पूर्ण तिमाह्यांपैकी पहिल्या चारांवर होतो. म्हणजे जानेवारीत क्लेम टाकलास तर आदल्या वर्षाची ऑक्टोबर ते डिसेंबर ही तिमाही नेहमीच्या हिशोबात येत नाही, आणि पगारवाढ तेव्हा मिळाली असेल तर आकडा कमी दिसतो. तो आकडा नीट तपास. पण तू पात्र आहेस की नाही हा निर्णय वेगळा असतो आणि 'पेंडिंग' आहे तो तोच.

'पेंडिंग'च्या मागे कुठला तरी इश्यू उघडा असतो. नोकरी का गेली हा एक. सेव्हरन्स किंवा उरलेल्या सुट्ट्यांचे पैसे हा दुसरा. ओळख पटणं, इमिग्रेशन स्टेटस, कामासाठी उपलब्ध आहेस की नाही, हे आणखी. यातले बरेच निर्णय क्लेम तपासून निकाल देणाऱ्या अधिकाऱ्याच्या, म्हणजे अ‍ॅडज्युडिकेटरच्या हातात असतात आणि फोन उचलणाऱ्याला फक्त स्क्रीन दिसते. म्हणून 'माझ्या क्लेमचं काय झालं' असं विचारलंस तर 'रिव्ह्यूमध्ये आहे' हेच ऐकू येणार. असं विचार: माझ्या क्लेमवर नेमका कोणता इश्यू उघडा आहे, कुठल्या तारखेला उघडला आणि उत्तर कुणाकडून यायचं आहे? तिन्हीची उत्तरं घेतल्याशिवाय फोन ठेवू नकोस. तारीख आणि बोलणाऱ्याचं नाव लिहून ठेव.

कंपनीचं उत्तर आलं नाही, हे कारण मला पटत नाही. कंपनीला फॉर्म परत पाठवायला मोजके दिवस मिळतात. उत्तर नाही आलं तर समोर आहे त्या माहितीवर स्टेट निर्णय देतं. शिवाय लेऑफ म्हणजे सगळ्यात सोपी केस. राजीनामा किंवा गैरवर्तन असेल तिथे वाद होतो.

सेव्हरन्सचे नियम राज्याराज्यात वेगळे. कॅलिफोर्नियात सेव्हरन्समुळे भत्ता सहसा अडत नाही. न्यूयॉर्कमध्ये शेवटच्या दिवसापासून ३० दिवसांच्या आत मिळालेला सेव्हरन्स आठवड्याच्या हिशोबाने कमाल भत्त्यापेक्षा जास्त असेल तर तेवढे आठवडे भत्ता मिळत नाही. पण चार आठवड्यांचा सेव्हरन्स फार तर चार आठवडे खाईल. मार्चही तसाच कोरा का, हे त्यातून कळत नाही.

मला वेगळीच शंका येतेय. ग्रीन कार्डवर, सोशल सिक्युरिटी कार्डवर आणि पेरोलमध्ये तुझं नाव अक्षर न् अक्षर एकच आहे का? आपल्याकडे लग्नानंतर आडनाव बदलतं, आणि मधलं नावही वडिलांचं जाऊन नवऱ्याचं येतं. अमेरिकन सिस्टिमच्या लेखी ती दोन वेगळी माणसं. नागरिक नसलेल्या अर्जदाराचं स्टेटस राज्य 'सेव्ह' नावाच्या फेडरल सिस्टिममधून तपासतं. नाव, जन्मतारीख, ए-नंबर (ग्रीन कार्डवरचा इमिग्रेशन क्रमांक) जुळलं नाही की केस हाताने तपासायला जाते आणि तिथे आठवडे जातात.

बंडू_टेक्सास

काकूंना अनुमोदन. दोन गोष्टी जोडतो.

नकाराचं पत्र आलं तर अपीलची मुदत आधी बघा, बाकी मजकूर नंतर. टेक्सासमध्ये पत्र पाठवल्यापासून १४ दिवस, कॅलिफोर्निया आणि न्यूयॉर्कमध्ये ३०. बऱ्याच ठिकाणी हे दिवस पत्रावरच्या तारखेपासून मोजतात, तुम्ही पाकीट फोडल्यापासून नव्हे. अपील चालू असतानाही सर्टिफाय करत राहायचं.

दुसरं, फोनवर दाद लागत नसेल तर तुमच्या भागाच्या स्टेट असेंब्ली किंवा स्टेट सेनेटच्या सदस्याच्या ऑफिसला लिहा. लोक उगाच वॉशिंग्टनच्या काँग्रेसमनला पत्र पाठवतात. भत्ता राज्य चालवतं, त्यामुळे राज्याच्या आमदाराचं ऑफिस जास्त उपयोगी. त्यांच्याकडे अशा तक्रारी हाताळणारा माणूस असतो. तो एका पानाचं संमतीपत्र सही करून घेतो आणि खात्याकडे चौकशी पाठवतो. निर्णय बदलत नाही, पण फाइल कुणाच्या तरी टेबलावर येते. ईमेलमध्ये कहाणी नको. क्लेमची तारीख, उघडा इश्यू आणि न मिळालेले आठवडे, बस्स.

जवळच्या अमेरिकन जॉब सेंटरमध्येही जाऊन या. तिथे क्लेमसाठी मदत करणं त्यांच्या कामातच येतं.

शिशिर

सासूबाईंना सांगा, हे दान नाही, विमा आहे. त्याचा टॅक्स कंपनी भरते. कर्मचाऱ्याच्या पगारातूनही वर्गणी कापणारी राज्यं तीनच, अलास्का, न्यू जर्सी आणि पेनसिल्व्हेनिया. 'पब्लिक चार्ज', म्हणजे माणूस सरकारी मदतीवर अवलंबून राहील का ही कसोटी, तिच्या हिशोबात बेरोजगारी विमा धरत नाहीत, आणि ती कसोटी मुळात ग्रीन कार्ड घेताना लागते, सिटिझनशिपच्या अर्जाला नाही.

(एच-१बीवाल्यांची गोष्ट वेगळी. त्यांच्या बाबतीत 'कामासाठी उपलब्ध' या अटीवरच गाडी अडते. त्यासाठी वेगळा धागा काढा, इथे नको.)

भारतवारीबद्दल: बहुतेक राज्यांत देशाबाहेर असताना तुम्ही कामासाठी उपलब्ध धरल्या जात नाही, म्हणजे त्या आठवड्यांचा भत्ता नाही. पुण्याहून लॉगिन करून सर्टिफाय करायच्या फंदात पडू नका. तिकिटं काढण्याआधी तुमच्या राज्याचा नियम वाचा, जाताना कळवा आणि परत आल्यावर क्लेम पुन्हा सुरू करा. खोटं उत्तर पकडलं गेलं तर पैसे परत करावे लागतात, वर दंड. आठवडे हुकले तरी एकूण रक्कम सहसा शिल्लक राहते, फक्त ती क्लेम टाकल्यापासूनच्या वर्षभरात, म्हणजे बेनिफिट इयरमध्ये, वापरावी लागते.

मधुरा_ईस्टकोस्ट

काकू, तुमच्या तोंडात साखर पडो!

तुम्ही सांगितले तेच तीन प्रश्न विचारले. पलीकडचा माणूस थोडा वेळ गप्प, मग म्हणाला, 'एलियन व्हेरिफिकेशन', म्हणजे नागरिक नसलेल्याच्या स्टेटसची तपासणी. इश्यू जानेवारीतच उघडलेला. कंपनीचा त्यात काही संबंध नव्हता, त्यांचं उत्तर वेळेवर आलं होतं. ग्रीन कार्डवर माझं सासरचं नाव आहे. कंपनीत लागले तेव्हा सोशल सिक्युरिटी कार्ड माहेरच्या नावाचं होतं, म्हणून पेरोलही त्याच नावाने. इतकी वर्षं टॅक्स भरला, कुणाची हरकत नव्हती.

त्यांनी ग्रीन कार्डच्या दोन्ही बाजू, सोशल सिक्युरिटी कार्ड आणि नाव बदलल्याचा पुरावा अपलोड करायला सांगितला. पुरावा म्हणजे आमचं लग्नाचं प्रमाणपत्र, महापालिकेचं, मराठीत. दोन्ही भाषा येणाऱ्या मैत्रिणीने इंग्रजी करून खाली 'भाषांतर अचूक आहे' असं लिहून सही केली. ते चाललं. सोबत असेंब्ली सदस्याच्या ऑफिसलाही बंडूंनी सांगितलं तसं कोरडं ईमेल टाकलं. दोन्हींपैकी कशामुळे हललं देव जाणे, पण काल पोर्टल उघडलं तर बहुतेक आठवड्यांपुढे 'पेड'. सेव्हरन्सचे आठवडे मात्र वेगळ्या इश्यूखाली अजून पेंडिंग आहेत.

नवरा आता रविवारी स्वतः आठवण करून देतो.

एक राहिलं. एवढी रक्कम एकदम आली, टॅक्स कापलेला दिसत नाही. यावर टॅक्स लागतो का?

पेरोलवाली_काकू

लागतो. फेडरल टॅक्स नक्की. राज्याचं बघावं लागेल, कॅलिफोर्नियासारखी काही राज्यं यावर इन्कम टॅक्स लावत नाहीत. पुढच्या जानेवारीत वर्षभरात मिळालेला भत्ता दाखवणारा १०९९-जी फॉर्म येईल, बऱ्याच ठिकाणी तो पोर्टलवरच टाकतात आणि घरी पोस्टाने येत नाही, तेव्हा शोधून काढ. आत्ताच १० टक्के कापून घ्यायचे असतील तर पोर्टलवर पर्याय असतो, नाहीतर डब्ल्यू-४व्ही फॉर्म भरून द्यायचा. तो मिळालेल्या पैशांना लागू होत नाही, पुढच्या हप्त्यांपासून कापतात. मिळालेल्यातले १० टक्के बाजूला काढून ठेव.

सेव्हरन्सच्या आठवड्यांसाठी कंपनीच्या पत्राची प्रत चढव, ज्यात रक्कम आणि दिल्याची तारीख दोन्ही दिसतील. 'सेव्हरन्स' आणि 'नोटिशीऐवजी पगार' यांना काही राज्यं वेगळं धरतात, तेव्हा पत्रात नेमकं काय लिहिलंय ते आधी वाच. आणि नव्या नोकरीत लागशील तेव्हा सोशल सिक्युरिटी कार्डवर नाव बदलून घेऊनच जॉइन हो. ते बदलायला पैसे पडत नाहीत.