जुगाराचं व्यसन: धाड की दवाखाना?

बालाघाटी
मटका, पत्त्यांतली तिरट, मोबाइलवरची रमी हा विषय आपल्याकडं पोलीस ठाण्यातच संपतो. तो आरोग्य खात्याकडंही जायला हवा. सरकारच्या प्रेरणा प्रकल्पात मराठवाड्यातल्या आशाताई शेतकरी कुटुंबांच्या मनःस्थितीची पाहणी करतात. त्याच फॉर्मात दोन प्रश्न वाढवा: दरवेळी जास्त पैसे लावावेसे वाटतात का? किती खेळता हे घरच्यांपासून लपवावं लागलंय का? एकालाही 'हो' आलं की नऊ प्रश्नांची पीजीएसआय चाचणी, म्हणजे जुगाराचं व्यसन किती खोल गेलंय ते मोजणारी. 27 पैकी 8 किंवा जास्त गुण आले तर थेट मानसोपचार विभाग. खर्च म्हणाल तर कागदाचा.

मांजराकाठ
कागदाचाच खर्च? फॉर्म भरता भरता आशाताईंचा जीव मेटाकुटीला आलाय, ते कोण मोजणार? शिवाय ती त्याच गल्लीतली. मटक्याची चिठ्ठी फाडणारा तिच्याच भावकीतला निघाला तर खरं कोण बोलेल? आधी पुरवठा तोडा. 2025 च्या केंद्रीय कायद्यानं पैशाचे ऑनलाइन खेळ बंद केले. चालवणाऱ्याला 3 वर्षांपर्यंत कैद, 1 कोटीपर्यंत दंड. नॉर्वेनं 2007 मध्ये जुगाराची यंत्रं उचलली, 2009 मध्ये नवी आणली ती तोट्याची मर्यादा घालूनच.

बालाघाटी
नॉर्वेनं केलं तेच तर सार्वजनिक आरोग्य! आणि तुमच्याच 2025 च्या कायद्यात खेळणाऱ्याला शिक्षा नाही. 1887 चा जुना जुगारबंदी कायदा मात्र खेळणाऱ्यालाही उचलतो. पोळ्याच्या तोंडावर डावावर धाड पडली, की धरलेला माणूस जामिनासाठी नवं कर्ज काढतो. भावकीचा मुद्दा मान्य. मग प्रश्न दवाखान्यात विचारा. झोप येत नाही, छातीत धडधडतं म्हणून आलेल्याला.

वॉर्ड नंबर नऊ
तुमच्या दोघांच्या भांडणात पैशाची वाट राहिलीच. व्यसन सुटायच्या आधी पैसा हाताबाहेर ठेवावा लागतो. सोयाबीन विकल्याचे पैसे नवरा-बायकोच्या संयुक्त खात्यात, दोघांच्या सहीशिवाय पैसे निघणार नाहीत अशा अटीवर. यूपीआयची रोजची मर्यादा साधारण 1 लाख असते. बऱ्याच बँकांत ती कमी करता येते, ती हजारावर आणा. कर्जाची यादी एकाच बैठकीत, सावकारासकट.

आणि मोठी चूक घरचेच करतात: रान विकून सगळं देणं एका दमात फेडतात. हात मोकळा झाला की गडी पुन्हा मटक्याच्या ओपन-क्लोजवर. हप्ते पाडा, रोख त्याच्या हातात देऊ नका. गोळीवर फार भिस्त नको; ओढ कमी करणारी नाल्ट्रेक्सोन काहींना देतात, पण मुख्य काम समुपदेशनाचं. हरलेलं भरून काढायचंच, हा हट्ट तिथं मोडावा लागतो. मटक्यात एकेरी आकड्याला रुपयाला नऊ मिळतात, आकडे मात्र दहा. हे गणित कागदावर मांडून दाखवा, नुसतं 'वाईट आहे' म्हणून भागत नाही.

मांजराकाठ
हप्ते पाडा म्हणता, सावकार ऐकतो व्हय? दारात येऊन बसतो तो.

वॉर्ड नंबर नऊ
बिनपरवाना असेल तर 2014 च्या सावकारी कायद्याखाली जिल्हा उपनिबंधकाकडं तक्रार होते. पण देणं उघडं पडल्यावरचे पहिले काही दिवस सगळ्यात धोक्याचे. तेवढे दिवस फवारणीचं औषध घरात ठेवू नका, माणसाला एकटं सोडू नका. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर 14416 रात्रीही लागतो, मराठीत बोलता येतं.

मांजराकाठ
हे पटलं. आशाताईच्या फॉर्मला मात्र माझा विरोध कायम.