मदत हवी आहे: डोक्यावरच्या गुरू ग्रहाच्या व्हिडिओ क्लिप एकत्र करताना कडा फिसकटतात

नमस्कार मंडळी. 8 इंची डॉब्सोनियन दुर्बीण (हाताने वर-खाली आणि आडवी फिरवायची; नाभीय अंतर 1200 मिमी, मोटर नाही), 2एक्स बार्लो (प्रतिमा दुप्पट करणारं भिंग) आणि 2.9 मायक्रॉन पिक्सेलचा रंगीत यूएसबी 3 कॅमेरा. एका पिक्सेलला साधारण पाव आर्कसेकंद (अंशाचा 3600वा भाग म्हणजे एक आर्कसेकंद). चौकट 1936 बाय 400, एक्स्पोजर 8 मिलिसेकंद, फाइल एसईआर (व्हिडिओचा कच्चा फॉरमॅट). गुरू 35 सेकंदांत चौकट ओलांडतो. मग नळी पुढे सरकवायची, थरथर थांबू द्यायची, पुन्हा रेकॉर्ड. अशा चार क्लिप, एकूण तीन मिनिटं.

क्लिप जोडून ऑटोस्टॅकर्टमध्ये (चांगल्या फ्रेम निवडून त्यांचं एकच चित्र करणारा, म्हणजे स्टॅक करणारा प्रोग्राम) टाकल्या की मधले पट्टे स्वच्छ, कडा मात्र लोण्यासारख्या. कारण कळतंय: कोल्हापूरचा अक्षांश 16.7, जानेवारी 2026 मध्ये मिथुनेतला गुरू मध्यरात्रीच्या सुमारास क्षितिजापासून 84 अंशांवर. तिथे चित्र मिनिटाला सव्वादोन अंश फिरतं, म्हणजे तीन मिनिटांत जवळपास सात अंश.

दोन तास आधी, 61 अंशांवर, फिरणं नगण्य. पण तेव्हा गच्चीच्या स्लॅबची धग निघत असते आणि गुरू उकळल्यासारखा दिसतो. दोन तास नंतर आरशावर दव. इक्वेटोरियल प्लॅटफॉर्म (दुर्बिणीला आकाशाबरोबर फिरवणारा पाट) सध्या बजेटबाहेर.

क्लिप वेगवेगळ्या स्टॅक करून विनज्युपॉसमध्ये (ग्रहांची चित्रं मोजणारा प्रोग्राम) मोजल्याही. पट्ट्यांवरून कोन लावताना एक-दोन अंशांची चूक राहतेच, आणि चौकटीत उपग्रह नसतात.

गुरूचा सरकण्याचा मार्ग हीच पूर्व-पश्चिम रेषा. मग पहिल्या आणि शेवटच्या फ्रेममधल्या केंद्रांवरून प्रत्येक क्लिपचा कोन काढून स्टॅकिंगआधीच क्लिप फिरवावी, की स्टॅक झालेलं चित्र? आणि फिरवताना तपशील कमीत कमी मरावा म्हणून आधी दीडपट ड्रिझल (स्टॅक करतानाच चित्र मोठं करणं) करावं का?