मदत हवी आहे: अर्धवट पाहिलेला सामुराई सिनेमा ओळखा

मंडळी, वीसेक वर्षांपूर्वी पुण्यात एका फिल्म क्लबात कृष्णधवल जपानी सिनेमा बघत होतो. मध्येच वीज गेली ती परत आलीच नाही. नाव तेव्हा लिहून घेतलं नाही, आणि आता डोक्यात भुंगा.

आठवतं ते असं. सुरुवातीला धुक्यात बसवलेलं रिकामं चिलखत. मग एक फाटका रोनिन (धनी नसलेला सामुराई) बड्या घराण्याच्या वाड्यावर येतो आणि म्हणतो, तुमच्या अंगणात पोट चिरून मरू द्या. कारभारी त्याला आधी आलेल्या एका पोराची हकिगत ऐकवतो. त्याच्या म्यानात पोलादी पातं नव्हतंच, बांबूची पट्टी होती, आणि त्याच पट्टीनं त्याला पोट चिरायला लावलं. बोथट पट्टी आत जाईना म्हणून तो तिच्यावर अंगाचा भार टाकतो... मी खुर्चीत आक्रसून बसलो होतो. इकडे रोनिन, पोट चिरल्यावर आपली मान उडवायला वाड्यातल्या एकेकाचं नाव सुचवतो, आणि तिघंही नेमके त्याच दिवशी आजारी! इथेच वीज गेली.

मित्र म्हणाला, दिग्दर्शक कुरोसावाचा असणार. म्हणून ‘सेव्हन सामुराई’ची २०७ मिनिटं बघितली. वाया गेली नाहीत, पण तो हा नव्हे. ‘योजिंबो’ही पाहिला. त्यातल्या पिस्तूलवाल्याचे डोळे थेट त्या रोनिनचे! पण तो तरणाबांड, आमचा रोनिन पोक्त, दाढी वाढलेला. भाऊबिऊ असेल का?

नाव सांगा. शेवट मात्र फोडू नका.

प्रतिसाद १:
‘हाराकिरी’, १९६२, दिग्दर्शक मासाकी कोबायाशी. आणि भाऊ कसला, तोच तो! तात्सुया नाकादाई. तेव्हा वय फक्त २९. त्याच वर्षीच्या ‘संजुरो’त शेवटी मिफुनेसमोर (‘योजिंबो’चा नायक) नुसता उभा राहतो, तेही बघाच. २०११ मध्ये ताकाशी मिइकेनं ‘हाराकिरी’चा रिमेक केलाय, पण आधी जुना.

प्रतिसाद २:
काळ १६३०चा आहे, एवढं लक्षात ठेवून बसा. लढाया संपलेल्या, शोगुननं (जपानचा लष्करी सत्ताधीश) एकेका सरदाराची जहागीर खालसा केलेली, हजारो सामुराई बेकार. तलवारबाजी बराच वेळ येत नाही, कंटाळू नका.

धागाकर्ता:
२९? तो माणूस २९ वर्षांचा?? सिनेमा मिळाला. आज रात्री इन्व्हर्टर चार्ज करूनच बसतो.